धुवून आलेली भुतं

दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या घरी पार्सलातून साड्या येतात, भांडी येतात. माझ्याकडं भुतं येतात. आमचे पोस्टमन ते खोकं दोन्ही हातांनी धरून ओट्यावर ठेवतात आणि जरा मागं सरून विचारतात, "काकू, ह्या बारीला कुठल्या देशाचं हाय?" मी वाचून सांगते. जपानचं असलं तर ते टेकतात, पाणी पितात, घरातल्यांची चौकशी करतात. इटलीचं असलं तर पाणी न पिताच निघतात. इटलीच्या सिनेमात रक्त फार असतं, हे मीच त्यांना एकदा सांगून बसले होते.

मी आता सत्तरीला टेकले आहे. माहेर तुळजापूरचं, कारकुनाचं. सासर जळकोटचं, मास्तरांचं. त्यामुळं गावात मला स्वतःचं नावच उरलं नाही, लहानथोर सगळे मास्तरीणबाई म्हणतात. मास्तर शाळेत जायचे आणि मी आमच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायची. ते दुकान कधीच बंद झालं, पण दुकानानं लावलेलं व्यसन सुटलं नाही. परदेशी भाषांमधले जुने भयपट कुणीकुणी नव्यानं साफसूफ करून डिस्कवर काढतात, ते मी जमवते. लोखंडी कपाटात माझ्या साड्या आता एका खणात दाटीवाटीनं बसतात आणि बाकीच्या खणांत भुतं ऐसपैस राहतात. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "लोकांच्या बायका म्हातारपणी देवदेव करतात, आमची बाई हडळी गोळा करते." पण पार्सल आलं की कात्री शोधायला तेच आधी उठतात.

हल्लीच्या मुलांना कॅसेट म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. काळ्या प्लास्टिकच्या खोक्यात गुंडाळलेली लांबच लांब फीत. ती यंत्रातल्या एका फिरत्या भागावरून सरकते, त्याला हेड म्हणायचं. हेड घाण झालं की पडद्यावर रेघा येतात आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. मग स्पिरिट आणि मऊ फडकं घेऊन बसायचं. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते, ती पुसायला खोक्याचे स्क्रू सोडवून अख्खी फीत मलमलीतून ओढून घ्यायची. फीत तुटली किंवा यंत्रानं चावली तर खराब तुकडा कापून दोन टोकं मागच्या बाजूनं चिकटपट्टीनं जोडायची. पुढून जोडली की हेडचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

अशा प्रत्येक दुरुस्तीत सिनेमाचा थोडा तुकडा कायमचा जायचा. माझ्याकडच्या एका सिनेमात नायक जिना चढायला लागायचा आणि पुढच्याच क्षणी पलंगावर मरून पडलेला दिसायचा. मधलं सगळं माझ्या कात्रीनं खाल्लं होतं. पण त्या कॅसेटला मागणी उलट वाढली. ह्या सिनेमातलं भूत लई चपळ आहे, अशी तिची ख्याती पार लोहाऱ्यापर्यंत गेली होती.

हिंदी माल सोलापूरहून यायचा. परदेशी माल मात्र हमरस्त्यानं आपण होऊन दारात आणून टाकला. रशीदभाई नावाचे एक ट्रकवाले हैदराबाद ते सोलापूर फेऱ्या करायचे आणि आमच्या शेजारच्या हॉटेलात जेवायला थांबायचे. हैदराबादेत आखातातून परतलेल्या लोकांच्या सामानात कॅसेटांचे ढीग असायचे. त्यातल्या ज्यांची भाषा कुणालाच कळेना, त्या रशीदभाई पोत्यात भरून माझ्यासाठी आणायचे. त्यांवर नाव नसायचं, आणि असलं तर वाचता न येणाऱ्या अक्षरांत. एकदा पोतं टेकवून ते म्हणाले, "मास्तरनीबाई, इसमें की एक पिक्चर मेरे क्लीनरकू दिखाया. दो दिन हुए, गाडी के नीचे घुसता नै. बोलता, उनो नीचेच बैठी है. तुमीच रक्खो, मेरेकू नक्को."

पोत्यात सगळ्या प्रकारचे सिनेमे असत. मी भुतांचेच का वेचून घेतले, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. कारण साधं होतं. प्रेमाच्या सिनेमात माणसं सारखी बोलतात, त्यामुळं भाषा आल्याशिवाय काही कळत नाही. भीतीला बोलणं लागत नाही. दार करकरलं की ते कुठल्याही देशात करकरतं.

तरीसुद्धा कथा कुणीतरी सांगावी लागेच. पुरुष कॅसेट घरी न्यायचे आणि आपापल्या परीनं काय ते समजून घ्यायचे. बायकांसाठी मात्र मी दुपारचा खेळ ठेवला होता. जेवणं उरकली, भांडी झाली की आमची पुढची खोली भरायची. मी मास्तरांची फूटपट्टी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभी राहायची आणि मराठीत गोष्ट सांगायची. आता ही थोरली बहीण. हा तिच्या वाईटावर आहे. हा पाद्री, म्हणजे त्यांच्यातले गुरुजी, पण ह्याच्यावर भरवसा ठेवू नका. मला त्या भाषांतलं एक अक्षर येत नव्हतं. एकदा पाहून जे समजलं त्याच्यावर मी माझ्याकडचं घालायची. ताक थोडं असलं की त्यात पाणी वाढवतात, त्यातलाच प्रकार.

श्रोत्या सोप्या नव्हत्या. सगळ्यात पुढं कमलबाई बसायच्या. मी त्यांना मावशी म्हणते. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, स्वतः औताला बैल जुंपणाऱ्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच खेळाला त्यांनी मला अडवलं.

"मास्तरीणबाई, हिचे पाय तर सरळ हायत. मंग ही भूत कशी?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "मावशी, तिकडं थंडी फार. बूट घातल्याशिवाय भागत नाही. उलट्या पायात बूट कसा जाईल? म्हणून तिकडच्या भुतांचे पाय सरळ असतात."

कमलमावशींनी क्षणभर विचार केला. "व्हय, ते बी खरंय," म्हणाल्या, आणि खेळ पुढं सरकला.

प्रत्येक खेळानंतर त्या टीव्हीची दृष्ट काढायच्या. घरून येतानाच पदराला मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या बांधून आणायच्या. एवढं परक्या मुलखातलं काहीबाही ह्या खोक्यातून आत आलं, ते आपल्या घरात राहायला नको, हा त्यांचा मुद्दा. टीव्हीवरून ओवाळून सगळं शेगडीत टाकलं की खोलीत असा ठसका उठायचा, की सिनेमात न रडलेल्या बायकाही डोळे पुसत बाहेर पडायच्या. दुसऱ्या दिवशी हेड काळं झालेलं असायचं आणि मी पुन्हा स्पिरिट घेऊन बसायची. पण त्यांना नको म्हणायची माझी छाती नव्हती.

माझ्याकडून घोटाळेही झाले. एका सिनेमाच्या सुरुवातीला पांढऱ्याशुभ्र कपड्यातली एक तरुण बाई, भोवती पांढरी फुलं, देवळात घंटा, सगळे गंभीर. मी सांगितलं, बिचारीचा नवरा वारला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. आता ती डिस्क माझ्याकडं आली आहे. ते त्या बाईचं लग्न होतं. नवरा शेजारीच उभा होता, त्याला आम्ही दीर समजलो. मग सबंध सिनेमाभर ती 'दिराचा' हात धरून हिंडत होती, तेव्हा खोलीत केवढी कुजबुज झाली होती हे मला अजून आठवतं.

पुरुष गिऱ्हाइकांमध्ये एक निवृत्त हवालदार होते. झुपकेदार मिशा, दणदणीत आवाज, आणि सगळ्यात भयंकर असेल तीच कॅसेट द्या असा आग्रह. परत येताना त्या कॅसेटला काळ्या दोऱ्यानं लिंबू बांधलेलं असायचं. एकदा ते लिंबू यंत्रापाशीच पिचकलं तेव्हा मी त्यांना बोलले. ते खाली बघत म्हणाले, "बाई, सिनेमाला मी भीत न्हाय. पर कॅसेट रात्रभर घरात एकलीच असती न्हवं." मी लिंबू सोडून कॅसेट फळीवर ठेवली.

मग केबल आली, सीडी आल्या, मोबाइल आले आणि आमची पुढची खोली पुन्हा पुढची खोली झाली. बुरशीनं खाल्लेल्या कॅसेटा शेतकऱ्यांनी मागून नेल्या. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांना भिववायला फीत शेतावरून ताणून बांधतात. वाऱ्यानं ती घूं घूं करते आणि उन्हात लकाकते. एका वर्षी जळकोटच्या निम्म्या शिवारात माझे भयपट बांधलेले होते. माणसांना भिववून झालं, आता चिमण्यांना, असं मास्तर म्हणाले. मी हसले खरी, पण त्या वाटेनं चालत जायला मला बरेच दिवस बरं वाटलं नाही.

जमवण्याचा नाद आमच्या मंजिरीमुळं लागला. ही आमची मुलगी, हैदराबादेत नोकरीला असते. तिनं एका दिवाळीला डिस्कचा प्लेअर आणला आणि बरोबर एक जपानी सिनेमा. मी दुपारच्या खेळाला कितीदा तरी सांगितलेला. ह्या डिस्क कशा तयार करतात ते तिनंच मला समजावलं. सिनेमाची मूळ रीळ कुठल्यातरी तळघरातून शोधून काढतात, तिच्यातलं एकेक चित्र यंत्रानं टिपतात, ओरखडे, डाग, बुरशी काढून टाकतात, रंग मूळचे होते तसे लावून घेतात. म्हणजे मी मलमलीनं करत होते तेच, फक्त अक्कल जास्त आणि वेळ पुष्कळ. मला त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला. नवी डिस्क आली की मी आधी शेवटची नावं बघते. सफाई कुणी केली ती.

थोडं वाईटही वाटतं, ते लपवत नाही. आमच्या कॅसेटवर भूत म्हणजे अंधारातला एक डाग असायचा आणि बायका आपापल्या मनातलं भूत त्या डागात बसवायच्या. आता सगळं लख्ख दिसतं. हडळीच्या मानेवर पावडर कुठं संपली आहे तेही दिसतं. तिला दिवसभर उभं करून ठेवलं असेल, पाय दुखत असतील, असं वाटतं आणि भीतीऐवजी चहा विचारावासा वाटतो.

आता ज्या सिनेमासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडं येते. त्याचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आता माहीत असून उच्चारता येत नाही. आम्ही त्याला 'दारातली सून' म्हणायचो. बर्फाळ मुलूख, माळावर एकटं घर, घरात सासू आणि तरुण सून. मुलगा जहाजावर गेलेला. सासू-सुनेचं कशावरून तरी बिनसतं, सून बर्फात निघून जाते आणि परत येत नाही. काही दिवसांनी तिन्हीसांजेला दारावर थाप पडते. बाहेर सून उभी. केस ओले, डोळे पांढरे. सासू दार उघडत नाही. दर संध्याकाळी ती येते, गोठ्यातलं एकेक जनावर मरतं आणि सासू आत बसून थाप ऐकत राहते.

ही कॅसेट रशीदभाईंनी ऐन दुपारी आणून दिली. खोलीत बायका जमलेल्या, नवा सिनेमा लावा म्हणून मागं लागल्या. आधी पाहून ठेवायचा माझा नियम त्या दिवशी मोडला. गोष्ट सोपी होती, म्हणून मी बघत बघत सांगत गेले. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की खोली नेहमीपेक्षा गप्प आहे आणि कुणीही कमलमावशींकडं बघत नाही.

कारण गावाला माहीत होतं. मावशींची सून शोभा कितीतरी महिने भूमला माहेरी जाऊन बसली होती. झालं होतं एवढंच, की पेरणीसाठी राख लावून ठेवलेली बियाण्याची तूर तिनं नवखेपणानं भरडून डाळ केली. मावशी संतापून म्हणाल्या, जा, ती डाळ घेऊन माहेरी जा. पोरगी मानी, खरंच गेली. मुलगा मध्ये तोंड उघडेना. तिच्या माहेरचे म्हणत, ज्यांनी घालवली त्यांनी न्यायला यावं. मावशी म्हणत, गेली तशी येईल. ह्या विषयावर त्यांच्याशी बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

सिनेमा शेवटाला आला. बाहेर थाप पडत होती. सासू उठली, दाराशी गेली, कडीवर हात ठेवला. आणि चित्र गेलं. रेकॉर्ड करणाऱ्याच्या घरची वीज गेली असावी, पुढं फीत कोरीच होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर.

"हे काय वं?" मागून कुणीतरी विचारलं.

"वादळ," मी म्हणाले. "बर्फाचं वादळ सुटलंय. आता काही दिसायचं नाही, नीट ऐका."

खरं सांगायचं तर सासूचा गळा दाबायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. बायकांना तसला शेवट आवडायचा. पण बोलायला तोंड उघडलं आणि माझी नजर कमलमावशींवर गेली. त्यांनी पदराची मीठ-मोहऱ्यांची गाठ मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"सासूनं कडी काढली. दार उघडलं. सून उंबऱ्यात उभी आहे, केसांत बर्फ. सासू म्हणते, किती गारठलीस गं. आत ये."

"अवं, पर ती भूत न्हवं का?" एकीनं विचारलं.

"भूतच आहे," मी म्हणाले. "पण घरचं आहे."

मग मी थांबलेच नाही. सासूनं तिचं डोकं पुसलं. चुलीपाशी बसवलं. कोरडं लुगडं दिलं, ऊनऊन भात वाढला. ऊब लागली तसे तिचे डोळे पूर्वीसारखे काळे झाले. मुंग्या चालू होत्या, खरखर चालू होती आणि बायका त्या पडद्याकडं डोळे ताणून बघत होत्या. त्या दिवशी दृष्ट काढायची राहिली. कमलमावशी मूठ तशीच आवळून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीनं निघाल्या. तुळजापूर, उस्मानाबाद अशा गाड्या बदलत भूमला पोचल्या. तिथं काय झालं ते शोभानं मला पुढं सांगितलं. सासूला ती आत्याबाई म्हणते. "काकू, आत्याबाई दारात हुब्या ऱ्हायल्या. पाणी बी मागितलं न्हाय. म्हणल्या, तूर काय, पुढल्या साली बी येईल. चल."

शोभा आली ती आलीच. आता तीही पन्नाशी ओलांडून सासू झाली आहे. आणि कमलमावशी गावाच्या पंच झाल्या. कुणाची सून रुसू दे, कुणाचा भाऊ बोलेनासा होऊ दे, ह्या जाऊन बसणार आणि सांगणार, "त्या तिकडच्या बाईनं भुताला घरात घेतलं. तुझी तर जितीजागती हाय." ह्या एका वाक्यावर किती घरं सांधली गेली, त्याची गणती मी ठेवलेली नाही. ती कॅसेट पुढं यंत्रानं चावून चावून संपली आणि शिवारात गेली. शेवट तेवढा मावशींच्या तोंडात राहिला.

यंदा मंजिरीचा फोन आला. "आई, बर्फ, सासू, दारावरची थाप. सापडला." मूळ रीळ मिळाली, साफ झाली, डिस्क निघाली. पार्सल आलं त्या दुपारी मी दार लावून एकटीच बसले.

काय सुंदर सिनेमा आहे. आमच्या कॅसेटवर जे राखाडी होतं ते निळं निघालं. मग शेवट आला. थाप पडते. सासू उठते, कडीवर हात ठेवते. हात तिथंच थांबतो. मग ती वाकते आणि खालची दुसरी कडीही लावते. दिवा विझवून भिंतीकडं तोंड करून झोपते. सकाळी दार उघडतं तेव्हा उंबऱ्यावर फक्त एक शाल असते, बर्फानं ताठ झालेली. संपला.

मी भ्याले. इतकी वर्षं भुतांबरोबर काढली पण अशी भ्याले नव्हते. मावशींना हे दाखवायचं? ज्या शेवटावर त्या एसटीत बसल्या, ज्याच्या जोरावर आयुष्यभर लोकांची दारं उघडत आल्या, तो माझ्या मनचा होता आणि खऱ्या बाईनं दोन्ही कड्या लावल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या बाईला हे कशाला सांगायचं? आणि शोभाला? आपल्याला आणलं ते एका थापेपायी, असं तिला वाटलं तर?

मी ठरवलं, गप्प बसायचं. पण घरात मास्तर आहेत. पारावर त्यांनी सांगून टाकलं की दारातली सून धुवून आली आहे. मावशींचा निरोप आला. मी कळवलं, प्लेअर बिघडलाय. उलटा निरोप आला, मास्तर तर म्हणले काल दुसरा सिनेमा बघितला. मी मास्तरांकडं बघितलं, ते पेपरात शिरले.

दोन दिवसांनी दुपारी मावशी स्वतःच आल्या. शोभानं दंडाला धरलेलं, दुसऱ्या हातात भाजक्या शेंगांची पिशवी. खुर्चीवर बसत म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय, मास्तरीणबाई. आता समदं दिसतंय. लावा."

मी लावला. फूटपट्टी नव्हती, पण मी पहिल्यासारखीच गोष्ट सांगत गेले. मावशी मध्ये मध्ये माझ्या आधीच पुढचं सांगत होत्या. थाप पडली. हात कडीवर गेला. मी बोलायची थांबले. वादळाचा आडोसा आता नव्हता, कडीवरचा गंजसुद्धा दिसत होता. सासू वाकली. दुसरी कडी लागली. दिवा विझला. सकाळ झाली, शाल दिसली.

शोभा पडद्याकडं बघतच नव्हती, ती आत्याबाईंकडं बघत होती.

"वादळ कुठाय?" मावशींनी विचारलं.

मी रिमोट खाली ठेवला. "मावशी, वादळ नव्हतंच. त्या कॅसेटवर पुढं काहीच नव्हतं, कोरी फीत होती. दार उघडलं, आत घेतलं, ते सगळं मी बोलले. सिनेमात नव्हतं ते."

मावशी माझ्याकडं बघून मान हलवायला लागल्या. नादान पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या, "तुमाला कसं दिसंल? तुमचं ध्यान आमच्याकडं व्हतं. पडद्याकडं मी बघत व्हते. दार उघडलेलं म्या बघितलंय. पोरीच्या केसातला बर्फ बी बघितलाय. ह्यांनी धुताना समदं धुऊन टाकलं, नुसती कडी ठेवली." मग त्यांनी पडद्याकडं हात केला. "आवाज बंद करा."

मी आवाज बंद केला. पडद्यावर नावं सुरू झाली होती. जुन्या सिनेमातली नावं थोडी, पण त्यांच्यामागून साफसफाई करणाऱ्यांची लांबलचक यादी असते. काळ्यावर पांढरी अक्षरं खालून वर सरकत होती. मावशी खुर्चीत पुढं सरकल्या आणि सांगायला लागल्या. सासूला झोप लागंना. उठली. खालची कडी काढली, वरची काढली. पोरगी अजून तितंच उभी. आत ये म्हणली. डोकं पुसलं, चुलीपाशी बसवलं. मी बोलले होते त्यातला एकही शब्द त्यांनी सोडला नाही, आणि मला न सुचलेलंही पुष्कळ घातलं. नावं सरकत होती.

शोभानं विचारलं, "आत्याबाई, मंग ही एवढी नावं कुणाची?"

"जेवाय आलेल्यांची. सून घरला आली म्हणल्यावर गावजेवण नगं?"

शोभानं पिशवीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. "एवढ्या माणसांचा सैपाक कुणी केला?"

"दोघींनी," कमलमावशी म्हणाल्या.